टेन्स यंत्र, शेक आणि सोनोग्राफी : पुन्हा पुन्हा होणाऱ्या सिस्ट आणि ओटीपोटाच्या दुखण्यात कशाचा किती उपयोग?

अंडाशयात वारंवार सिस्ट, म्हणजे पाण्यासारखा द्रव भरलेल्या गाठी, होतात, एका रिपोर्टमध्ये दिसतात, पुढच्यात दिसत नाहीत, आणि ओटीपोट मात्र दुखतच राहतं. अशा बाईसमोर विकत घेण्यासारख्या वस्तूंची रांगच असते: शेकाचे पॅड, कपड्याला चिकटवायचे गरम पॅच, विजेची बारीक स्पंदनं देणारी टेन्स यंत्रं, पाळीची अ‍ॅप, गाठ विरघळवण्याचा दावा करणारी तेलं आणि चूर्णं. या परीक्षणात सगळ्यात जास्त जागा टेन्स यंत्राला दिली आहे. ते चुकीच्या अपेक्षेने घेतलं जातं, चुकीच्या जागी चिकटवलं जातं आणि महिन्याभरात कपाटात जातं. नीट वापरलं तर ते कपाटात जाण्याच्या लायकीचं नाही.

यातलं एकही साधन सिस्टवर काम करत नाही. सगळी साधनं दुखण्यावर काम करतात. दुखणं दहापैकी सातावरून चारावर आलं तर बाई उठून कामाला लागू शकते, झोपू शकते, त्यामुळे हे मोल कमी नाही. पण शेकाने किंवा यंत्राने बरं वाटलं म्हणजे गाठ लहान झाली, असा अर्थ काढू नये.

गाठ विरघळवणाऱ्या वस्तूंचा निकाल इथेच लावते. दर महिन्याला अंडाशयात एक बीजपुटक वाढतं आणि साधारण १८ ते २५ मिलिमीटरचं झालं की फुटून बीज बाहेर पडतं. ते फुटलं नाही तर वाढत राहतं आणि ३ सेंटिमीटरच्या वर गेलं की रिपोर्टमध्ये सिस्ट म्हणून येतं. फुटल्यानंतर उरलेल्या पीतपिंडात पाणी किंवा रक्त साठलं तरी सिस्टच होते. या दोन्ही प्रकारच्या गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत काहीही न करता जिरतात. या काळात पोटावर एरंडेलाची पट्टी ठेवली किंवा एखादा काढा घेतला, तर गाठ गेल्याचं श्रेय त्याला मिळतं. असल्या वस्तूंखालचे अभिप्राय खोटे असतीलच असं नाही, पण ते काहीच सिद्ध करत नाहीत. उलट ज्या गाठी आपोआप जात नाहीत, म्हणजे डर्मॉइड (आत केस, चरबी असलेली गाठ) किंवा एन्डोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराची, जुनं रक्त साठलेली चॉकलेट सिस्ट, त्या या वस्तूंनीही जात नाहीत आणि वाट पाहण्यात महिने निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्यांचंही नीट समजून घ्यायला हवं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन असलेली गोळी बीज फुटणं थांबवते, त्यामुळे नव्या सिस्ट कमी होतात. आधीच झालेली सिस्ट मात्र तिने लवकर जिरत नाही. हार्मोन सोडणाऱ्या गर्भाशयातल्या साधनाने, म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या आययूडीने, अशा सिस्ट काही जणींना उलट जास्त दिसतात. त्याही बहुधा आपोआप जातात. वारंवार सिस्ट होण्याचं कारण शोधताना हे साधन बसवलेलं आहे का, हा प्रश्न राहून जातो.

शेक: पहिली खरेदी हीच

शेक जुना म्हणून दुय्यम नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाळीच्या दुखण्यासाठी ओटीपोटावर साधारण ३९ अंशांची सौम्य ऊब रोज १२ तास ठेवली, तेव्हा तिचा परिणाम दिवसातून तीनदा घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनच्या तोडीचा निघाला. दोन्ही एकत्र दिल्यावर आराम लवकर पडला. यात लक्षात ठेवायचा आकडा ३९ आहे. अंगाच्या तापमानापेक्षा जेमतेम दोन अंश वर. दुखणं जास्त म्हणून शेकही कडक, ही समजूत कातडीला महागात पडते.

रबरी पिशवी दोन-तृतीयांशच भरावी, पाणी उकळतं नसावं आणि बूच लावण्याआधी पिशवी दाबून आतली हवा काढून टाकावी. हवा राहिली तर पिशवी फुगते, टेकत नाही आणि दाब पडल्यावर बुचाशी गळते. मानेजवळ रबर वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की ती पिशवी संपली. भेगा नसल्या तरी दोन वर्षांनी बदलावी. तिचा खरा दोष वजन. सिस्ट मोठी किंवा हुळहुळी असते तेव्हा भरलेल्या पिशवीचा भारच सहन होत नाही. अशा वेळी ती कमरेच्या मागे घ्यावी. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या संवेदना कण्याच्या ज्या पातळीला पोचतात, तिथल्याच कातडीला ऊब मिळते, म्हणून मागूनही आराम पडतो.

विजेचा पॅड हलका असतो आणि तापमान एकसारखं ठेवतो. घेताना दोनच गोष्टी पाहाव्यात: ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो का, आणि कव्हर काढून धुता येतं का. पॅडवर झोपू नये, तो घडी घालून वापरू नये; घडीत उष्णता अडकते आणि आतली तार तिथेच तुटते. पाणी किंवा जेल भरलेली, विजेवर तापवायची पिशवी प्लग काढल्याशिवाय अंगाला लावायची नाही. ती एरवीपेक्षा जास्त फुगलेली दिसली तर पुन्हा तापवायचीच नाही.

कामावर जाणाऱ्या बाईसाठी पॅच सगळ्यात सोयीचे. आत लोखंडाची भुकटी, कोळसा, मीठ आणि थोडं पाणी असतं; पाकीट उघडलं की हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजायला लागतं आणि त्या क्रियेतून ऊब निघते. पूर्ण तापायला अर्धा तास लागू शकतो, म्हणून थंड वाटतो म्हणून लगेच दुसरा लावू नये. पॅच चांगला असेल तर ऊब ८ ते १२ तास टिकते. उघडल्यावर आतलं मिश्रण दगडासारखं घट्ट लागलं तर पाकिटाला आधीच भोक पडून तो संपलेला आहे. पॅचवर घट्ट पट्टा बांधला किंवा जाड पांघरूण घेतलं तर तापमान वाढतं. त्याखाली बाम लावलेला असेल तर कातडी भाजू शकते. झोपताना काढून ठेवावा.

रोज, वर्षानुवर्षं, जास्त कडक शेक घेणाऱ्यांच्या पोटावर तपकिरी-लालसर जाळीसारखे डाग उमटतात. ही कातडीची उष्णतेने होणारी इजा आहे. डाग दिसायला लागले की शेक थांबवायचा किंवा बराच सौम्य करायचा; लवकर थांबवलं तर ते हळूहळू फिके होतात, नाहीतर कायम राहतात. डॉक्टरांनाही ते दाखवावेत. दुखणं किती दिवसांचं आणि किती तीव्र आहे, याचा तो पुरावाच असतो.

टेन्स यंत्र

टेन्स म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेची बारीक स्पंदनं देणारं, तळहातात मावणारं यंत्र. ते ज्या कल्पनेवर उभं आहे ती रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडली: स्पर्शाच्या जाड मज्जातंतूंना सतत संदेश मिळत राहिले, तर कण्यातच वेदनेच्या संदेशांची वाट अडते. यावरूनच अपेक्षा ठरवता येते. यंत्र चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ आराम, इतकंच. पाळीच्या दुखण्यावर उच्च फ्रीक्वेन्सीच्या टेन्सचा उपयोग होतो, याला चाचण्यांचा आधार आहे. एन्डोमेट्रिओसिस आणि जुनाट ओटीपोटदुखीसाठीचे अभ्यास लहान आहेत. तरीही मी ते वापरून पाहा म्हणेन, कारण नीट वापरलं तर धोका अगदी कमी आणि दुष्परिणाम बहुतेक कातडीपुरते.

घेताना खोक्यावरचे मोड मोजू नका. पंचवीस मोड आणि वीस पातळ्या लिहिलेल्या, पण हर्ट्झ (सेकंदाला किती स्पंदनं) आणि मायक्रोसेकंदाचा (एक स्पंदन किती लांब) एकही आकडा नसलेलं यंत्र घेऊ नये. आज कशाने आराम पडला हे उद्या तंतोतंत पुन्हा करता आलं पाहिजे. दोन चॅनेल, म्हणजे चार पॅड, आणि दोन्हींची तीव्रता वेगवेगळी करता येईल असं हवं. फ्रीक्वेन्सी २ पासून निदान १०० हर्ट्झपर्यंत आणि स्पंदनाची रुंदी २०० मायक्रोसेकंदांपर्यंत हाताने ठरवता यावी. तीव्रतेच्या पायऱ्या बारीक असाव्यात. लॉक हवा, नाहीतर खिशात बटण दाबलं जाऊन एकदम झटका बसतो. पॅड २ मिलिमीटरच्या नेहमीच्या पिनचे असले तर ते कुठल्याही कंपनीचे चालतात. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण चालू खर्च सगळा पॅडचाच आहे. एक जोड नीट ठेवला तर वीस-तीस वेळा चालतो आणि यंत्र वर्षानुवर्षं टिकतं.

टेन्ससारखंच दिसणारं ईएमएस यंत्र स्नायू आकुंचन पावावेत म्हणून असतं. आधीच आवळलेल्या ओटीपोटावर ते लावलं तर दुखणं वाढतं. दोन्ही सोयी एकाच यंत्रात असतील तर आपण कुठल्या भागात आहोत हे प्रत्येक वेळी पडद्यावर बघून घ्यावं.

आता लावण्याची पद्धत. कातडी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, लोशन, पावडर काहीही नको. यंत्र बंद असतानाच पॅड लावा आणि वायर जोडा. पुढून लावायचं असेल तर बेंबीखाली, दुखऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक ५ सेंटिमीटरचा चौकोनी पॅड, मध्ये निदान तीन सेंटिमीटर जागा सोडून. मागून लावायचं असेल तर एक जोड शेवटच्या बरगड्यांच्या पातळीला, कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना. दुसरा जोड खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट त्रिकोणी हाडावर (त्रिकास्थीवर), तसाच दोन्ही बाजूंना. पॅड मणक्याच्या उंचवट्यावर नकोत. गर्भाशयाकडून येणारे मज्जातंतू कण्यात साधारण छातीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या पातळीला पोचतात आणि ओटीपोटाच्या तळाचे त्रिकास्थीच्या पातळीला, म्हणून हे दोन जोड. पाठीवर स्वतः लावणं अवघड जातं. आरशासमोर उभं राहून आधी खालचा जोड लावला की वरच्याचा अंदाज येतो.

सुरुवात १०० हर्ट्झ आणि १५० ते २०० मायक्रोसेकंदांवर करावी. तीव्रता एकेक पायरी वाढवत न्यायची. मुंग्या ठळक, भरगच्च जाणवल्या पाहिजेत, पण टोचता कामा नये आणि स्नायू उडता कामा नये. इथेच बहुतेक जणी कमी पडतात. अगदी हलकं, जेमतेम जाणवेल इतकं ठेवतात आणि उपयोग नाही म्हणून सोडून देतात. शिवाय दहा-पंधरा मिनिटांनी शरीराला त्या मुंग्यांची सवय होते आणि त्या विरल्यासारख्या वाटतात. तेव्हा पुन्हा एक-दोन पायऱ्या वाढवायच्या. फ्रीक्वेन्सी आपोआप बदलत राहणारा मॉड्युलेशन मोड असेल तर ही सवय उशिरा होते. एका बैठकीला तीस ते साठ मिनिटं. दुखणं फिरून आलं तर थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा.

दुसरी पद्धत कमी फ्रीक्वेन्सीची: २ ते ५ हर्ट्झ, स्नायूचं हलकं उडणं दिसेल इतकी तीव्रता, वीस ते तीस मिनिटं. हिच्यात शरीरातली स्वतःची वेदनाशामक द्रव्यं कामाला लागतात असं मानतात, आणि काही जणींना आराम जास्त वेळ टिकतो. पण हुळहुळ्या पोटावर ही ठकठक सहन होत नाही. ती पाठीवरच करावी.

बिघाडांची कारणं ठरलेली आहेत. सुया टोचल्यासारखं झालं तर पॅड सुकलेला आहे किंवा त्याची कड उचललेली आहे. तितकाच प्रवाह लहानशा जागेतून जातो म्हणून टोचतं. जेलवर पाण्याचा एक थेंब पसरून दोन मिनिटं ठेवा, तरी टोचलं तर पॅड टाका. एका बाजूला काहीच जाणवत नसेल तर वायर दुसऱ्या चॅनेलला लावून बघा: दोष वायरबरोबर सरकला तर वायर तुटलेली आहे, बहुधा पिनेच्या मुळाशी. पॅड काढताना वायर धरून ओढल्याने हे होतं. दोन्ही बाजू नेहमीपेक्षा मंद वाटल्या तर बॅटरी. पॅडच्या आकाराची लाली अर्ध्या तासात गेली तर काळजी नाही. खाज सुटली, पुरळ आलं तर ती चिकट जेलची अ‍ॅलर्जी, वेगळ्या जेलचे पॅड घ्यावे लागतात. वापरून झाल्यावर पॅड त्याच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवून बंद पिशवीत ठेवावेत.

पॅडवरून शेक नको. जेल मऊ होऊन सरकतं आणि कातडीवर काय चाललंय हे नीट कळत नाही. मात्र पाठीवर टेन्स आणि पुढे सौम्य पॅच ही जोडी चांगली जमते. वाईट दिवसांसाठी माझी पहिली शिफारस हीच.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं विजेचं यंत्र असेल तर टेन्स नाही. गरोदरपणात पोटावर आणि कमरेवर नाही. पाळी पुढे गेली असेल तर आधी गर्भधारणेची चाचणी, मग यंत्र. बधिर किंवा जखम असलेल्या कातडीवर, आणि कर्करोग असलेल्या किंवा त्याचा संशय असलेल्या भागावर नाही. अपस्मार असेल तर डॉक्टरांना विचारून. गाडी चालवताना, अंघोळीत आणि झोपेत नाही. निदान न झालेल्या दुखण्यावर वापरू नका, असंही माहितीपत्रकात असतं आणि ते वाचून कारण न सापडलेल्या बायका घाबरतात. नीट तपासून, धोक्याची कारणं बाजूला काढूनही कारण सापडलं नाही, तर डॉक्टरांना विचारून यंत्र वापरता येतं. ती सूचना अजिबात न तपासलेल्या दुखण्यासाठी आहे.

उपयोग होतो की नाही, हे तीन पाळ्या वापरून ठरवा. यंत्र लावण्याआधी, अर्ध्या तासाने आणि बंद केल्यावर अर्ध्या तासाने ० ते १० मध्ये आकडा लिहा. दोन अंकांचा किंवा साधारण तीस टक्क्यांचा फरक वेदनेच्या अभ्यासात अर्थपूर्ण मानतात. तेवढाही पडत नसेल तर पॅडची जागा बदलून एक पाळी बघा आणि मग खुशाल बंद करा.

पाळीसाठी म्हणून विकली जाणारी, कपड्याला अडकवायची नाजूक यंत्रं याच तत्त्वाची असतात. एक चॅनेल, ठरलेले कार्यक्रम, रिचार्जची बॅटरी. बाहेर वापरायला छान, कुणाला दिसत नाहीत. पण दुखणं ओटीपोटापासून कंबर-मांडीपर्यंत पसरत असेल तर दोन पॅड पुरत नाहीत, आणि त्यांचे पॅड बहुधा त्यांच्याच कंपनीचे घ्यावे लागतात. दुसरं यंत्र म्हणून ठीक.

गोळ्या

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या एकाच जातीच्या गोळ्या आहेत. त्यातल्या दोन एकत्र घेऊ नयेत. पाळीच्या दुखण्यात त्या कळ उठताच घेतल्या तर चालतात, दुखणं टिपेला पोचल्यावर घेतल्या तर अर्धाच आराम देतात, कारण त्या प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं द्रव्य तयार होणं थांबवतात, झालेलं काढून टाकत नाहीत. पोटात काही असताना घ्याव्यात. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा या गोळ्यांनी वाढणारा दमा असेल तर नाहीत. सिस्टच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची: दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत या गोळ्या सलग घेतल्या तर बीजपुटक फुटायला उशीर होऊ शकतो किंवा ते फुटतच नाही, आणि मग सोनोग्राफीत तेच सिस्टसारखं दिसतं. मूल हवं असणाऱ्यांनी आणि वारंवार सिस्ट होणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

सोनोग्राफी: घाई न करता, योग्य दिवशी

दुखलं की लगेच सोनोग्राफी, हे धोक्याच्या लक्षणांत बरोबर आहे. एरवी दिवस महत्त्वाचा. पाळीच्या विसाव्या दिवशी केली तर त्या महिन्याचं पीतपिंडच सिस्ट म्हणून रिपोर्टमध्ये येतं आणि सहा आठवडे काळजीत जातात. आधी दिसलेली सिस्ट गेली का हे पाहायचं असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी, पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात करावी. योनीमार्गातून केलेल्या तपासणीत अंडाशय जवळून आणि स्पष्ट दिसतं. तिला मूत्राशय रिकामं लागतं, पोटावरून केलेल्या तपासणीला भरलेलं. योनीमार्गातून नको असेल तर तसं सांगायचा पूर्ण हक्क आहे. मात्र पोटावरून लहान आणि खोलवरच्या गोष्टी निसटू शकतात, हे त्याबरोबर स्वीकारावं लागतं.

चांगलं केंद्र कसं ओळखायचं? रिपोर्ट वाचा. पाळीचा दिवस लिहिलेला असतो. सिस्ट कुठल्या बाजूला, तीन दिशांची मापं, भिंत पातळ की जाड, आत पडदे किंवा घट्ट भाग आहेत का, रक्तप्रवाह किती, पोटात मोकळं पाणी आहे का, हे सगळं असतं. अंडाशय आजूबाजूच्या अवयवांवर सरकतं की चिकटलेलं आहे आणि तपासताना नेमकं कुठे दाबल्यावर दुखलं, हेही लिहिणारं केंद्र मिळालं तर ते सोडू नका. 'उजव्या अंडाशयात सिस्ट, सल्ला घ्यावा' एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट पुढच्या तुलनेला निरुपयोगी. काही ठिकाणी ओ-रॅड्स नावाचा ० ते ५ चा आकडा देतात. तो जितका वर तितका कर्करोगाचा संशय जास्त, फक्त ० म्हणजे तपासणी अपुरी.

आकाराबद्दल ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजने २०११ साली दिलेली मार्गदर्शक मापं बरीच वापरली जातात: पाळी चालू असलेल्या बाईत साधी, पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली सिस्ट ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा पुन्हा तपासायचीही गरज नाही, ५ ते ७ मध्ये वर्षाने एकदा, ७ च्या वर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार. अशा साध्या सिस्टसाठी सीए-१२५ ही कर्करोगाच्या संशयात करायची रक्ततपासणी लागत नाही. ती एन्डोमेट्रिओसिसमध्ये, संसर्गात, अगदी पाळी चालू असतानाही वाढलेली येते आणि विनाकारण घाबरवते. अंडाशयात २ ते ९ मिलिमीटरची पुष्कळ बीजपुटकं दिसणं हा पीसीओएसचा, म्हणजे हार्मोनच्या असंतुलनाच्या आजाराचा, भाग आहे. तो वेगळा विषय आहे आणि एरवी तेवढ्याने दुखत नाही.

आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे दुखणं मनाचं, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. पोटाच्या आतल्या आवरणावरचा वरवरचा एन्डोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दिसतच नाही. युरोपातल्या ईश्रे या प्रजनन वैद्यकाच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार आता फक्त निदानासाठी प्रत्येकीची लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पोटाच्या आत पाहण्याची शस्त्रक्रिया, करायची गरज नाही. लक्षणांवरून औषधं सुरू करता येतात, आणि तपासण्यांत काही दिसलं नाही किंवा औषधांनी फरक पडला नाही तर लॅपरोस्कोपी. मूत्राशय, आतडं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि पोटाच्या भिंतीतला अडकलेला मज्जातंतू हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत. शेवटच्यासाठी सोपी चाचणी आहे: उताणं झोपून दुखरा बिंदू एका बोटाने दाबून धरा आणि डोकं-खांदे उचला. पोट ताठ झाल्यावर दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते भिंतीतून येत असण्याची शक्यता जास्त. ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी

महिनोन्‌महिने दुखत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि मग तेच दुखायला लागतात, सिस्ट गेल्यावरसुद्धा. बसताना, संबंधाच्या वेळी, लघवी सुरू करताना त्रास होत असेल तर ही सेवा घेण्यासारखी आहे. चांगली थेरपिस्ट पहिल्या भेटीत बराच वेळ फक्त विचारते. आतून तपासण्याआधी काय करणार ते सांगून परवानगी घेते आणि 'थांबा' म्हटलं की थांबते. ती सुरुवातीला सैल सोडायला शिकवते: पोट फुगवत श्वास आत घेताना तळ खाली उतरू द्यायचा, श्वास सोडताना जोर न लावता परत येऊ द्यायचा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सरसकट केगल, म्हणजे तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, देणारी जागा सोडून द्या. आवळलेले स्नायू आणखी आवळले तर दुखणं वाढतं. इथे फरक आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे एका भेटीवरून मत बनवू नये.

अ‍ॅप की वही

अ‍ॅपमधला बीज फुटण्याचा दिवस बहुधा नुसत्या कॅलेंडरच्या अंदाजाने येतो. अनियमित पाळीत तो चुकतो, म्हणून दुखणं त्याच्याशी जुळवू नका. वहीत रोज एक ओळ पुरते: पाळीचा दिवस, दुखण्याचा आकडा, बाजू, काय करताना, लघवी-शौचाशी संबंध, काय घेतलं, किती वेळाने उतरलं. तीन महिन्यांच्या अशा ओळी डॉक्टरांपुढे ठेवल्या की दहा मिनिटांच्या भेटीतही कामाचं बोलणं होतं. सरकणाऱ्या पट्ट्या आणि चेहरे दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून हे सगळं एका पानावर छापता येत नसेल तर वहीच बरी.

जेव्हा कुठलंच साधन लावायचं नाही

एकदम, एका बाजूला, असह्य कळ आणि सोबत मळमळ किंवा उलट्या: अंडाशयाला पीळ बसला असू शकतो. ५ सेंटिमीटरच्या वरच्या सिस्टमध्ये हा धोका वाढतो. पीळ कधी सुटतो, पुन्हा बसतो, त्यामुळे कळ येऊन-जाऊन असली तरी धीर धरू नये; रक्तपुरवठा तुटून अंडाशय गमावण्याची वेळ येऊ शकते. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं ठरत नाही. लक्षणं तशीच असतील तर हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सिस्ट फुटून रक्तस्राव झाला तर कळ बहुधा धावपळीत, जोराच्या हालचालीत किंवा संबंधानंतर उठते. सोबत चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाला दुखणं असेल तर आत रक्त साठत असण्याची शक्यता आहे. पाळी चुकली असेल तर गर्भनलिकेतली गर्भधारणा. ताप आणि घाण वासाचा स्राव असेल तर संसर्ग.

अशा वेळी शेक, टेन्स सगळं काढून थेट तातडीच्या विभागात जायचं. काही खाऊ-पिऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. सोबत शेवटचा सोनोग्राफी रिपोर्ट न्या आणि दारातच चार गोष्टी सांगा: शेवटच्या पाळीची तारीख, सिस्टची बाजू आणि शेवटचं माप, कळ किती वाजता सुरू झाली, आणि शेवटचं खाणं व शेवटची गोळी कधी झाली.